उंचावरून टिपलेला राजवाडा

इंदूरहून खंडव्याकडे जाणारा रस्ता सिमरोल गाव मागे टाकतो आणि पुढे विंध्याच्या घाटउताराला लागतो. माळव्याचे पठार जेथे संपावयास येते अशा या कडेच्या मुलखात इंदूरची भारतीय तंत्रज्ञान संस्था आता वसली आहे, आणि एके काळी खंडव्याच्या वाटसरूंनाच ठाऊक असलेले सिमरोलचे नाव त्यामुळे देशभरच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी झाले आहे. या भागातील एखाद्या टेकाडावर संध्याकाळी उभे राहिले म्हणजे दृष्टी आपोआप उत्तरेकडे, शहराच्या दिशेला वळते. हातात कॅमेरा असलेल्या माणसाच्या मनात अशा वेळी एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे. इतक्या उंचावरून इंदूरचा राजवाडा टिपता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. परंतु ते नकारार्थी का आहे हे पाहू लागले, म्हणजे उंची आणि अंतर या दोन गोष्टींची आपल्या मनात किती सरमिसळ झालेली असते हे ध्यानात येते.

हिशोब साधा आहे. राजवाड्याचा दर्शनी भाग सात मजल्यांचा. गणितापुरती त्याची उंची शंभर फूट, म्हणजे सुमारे तीस मीटर धरू; आणि सिमरोलच्या बाजूच्या टेकाडापासून राजवाड्यापर्यंतचे सरळ रेषेतील अंतर वीस किलोमीटर धरू. एवढ्या अंतरावरून शंभर फुटांची इमारत पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या जेमतेम एकषष्ठांश दिसेल. पन्नास मिलिमीटरचे नेहमीचे भिंग लावले, तर फिल्मवर तिची उंची मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरेल. पाचशे मिलिमीटरचे अवजड टेलिफोटो भिंग आणले, तरी ती पाऊण मिलिमीटरच्या पुढे जात नाही. शिवाय पृथ्वी गोल आहे. सपाट मैदानावर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज साडेचार किलोमीटरच्या आसपास संपते, आणि वीस किलोमीटरवरच्या तीस मीटर उंचीच्या इमारतीचा निम्म्याहून अधिक भाग त्या वक्रतेखाली बुडून जातो. टेकाडावर चढल्याने ही एक अडचण दूर होते. उंचीचा उपयोग येथे एवढाच. दूरची वस्तू तिने क्षितिजावर येते, पण जवळ येत नाही.

मोठे भिंग घेतले की अंतर विकत घेता येते, ही समजूत दुकानदारांना सोयीची आहे. वस्तुतः भिंग इमारतीबरोबर मधल्या हवेलाही मोठे करते. वीस किलोमीटरच्या हवेत धूळ असते, धूर असतो, पाण्याचे सूक्ष्म कण असतात. या सर्वांवरून प्रकाश विखुरतो आणि काळ्या-पांढऱ्यातील भेद पुसून सर्वत्र एकच राखी छटा पसरते. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लाटा सरळ रेषाही थरथरवतात. पावसाळा सरताना, गणपतीपासून दसऱ्यापर्यंतच्या दिवसांत, एखाद्या जोरदार सरीनंतर माळव्याची हवा धुतल्यासारखी निर्मळ होते. दूरची छायाचित्रे घेणाऱ्याने त्या दोन-तीन तासांची वाट पाहावी. पण तेव्हाही त्याने शहराच्या बाहेरून शहराचे चित्र घ्यावे; राजवाड्याचे चित्र घ्यावयाचे तर शहरातच आले पाहिजे.

राजवाड्याच्या चौकात उभे राहिले, म्हणजे अडचण उलट्या बाजूने सुरू होते. तेथे अंतर फार कमी. मल्हारराव होळकरांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला ज्याच्या बांधणीस आरंभ झाला, त्या या वाड्याचा दरवाजा पाहणाऱ्याच्या अंगावर आल्यासारखा उभा राहतो. खालचे तीन मजले दगडी, त्यांवर चार मजले लाकडी. सज्जे, गवाक्षे आणि कमानी एकावर एक रचत गेलेल्या. हा दरवाजा मान वर करून पाहण्यासाठीच बांधलेला आहे. सरदाराच्या भेटीस आलेल्या माणसाने आत पाऊल टाकण्यापूर्वी मान वर करावी, हा त्या रचनेचा हेतू नसेल असे म्हणणे कठीण आहे.

माणसाने मान वर केली तर काही बिघडत नाही. त्याचा मेंदू उभ्या भिंती उभ्याच आहेत हे जाणून असतो. कॅमेऱ्याने मान वर केली, की मात्र वाडा मागे कलंडतो. याचे कारण असे की, कॅमेरा वर झुकविला म्हणजे आतील फिल्मही झुकते. मग वाड्याचा माथा फिल्मच्या हिशोबाने पायापेक्षा दूर पडतो, आणि जे दूर ते लहान, या न्यायाने तो अरुंद होतो. रेल्वेचे दोन रूळ लांबवर एकमेकांकडे सरकताना दिसतात, तीच गोष्ट येथे भिंतीच्या दोन कडांची होते. फिल्म जमिनीशी अगदी काटकोनात, ओळंब्यात राहिली, तर मात्र उभ्या रेषा उभ्याच उतरतात. सारी विद्या या एका वाक्यात आहे. प्रश्न इतकाच की, कॅमेरा सरळ धरला की चित्राच्या खालच्या अर्ध्या भागात रस्ता, रिक्षा आणि फेरीवाल्यांच्या छत्र्या येतात आणि वरचे मजले कापले जातात.

उंच जागेचा खरा उपयोग येथे कळतो. शंभर फुटांची इमारत शंभर फुटांवरून, जमिनीवर उभे राहून, कॅमेरा न झुकविता संपूर्ण घ्यावयाची, तर भिंगाला उभ्या दिशेने जवळजवळ नव्वद अंशांचा आवाका लागतो. तेवढेच अंतर ठेवून पन्नास फुटांवरच्या गच्चीत गेले, तर त्रेपन्न अंश पुरतात. साध्या भिंगाचे काम तेथे होते, रस्त्याची गर्दी तळाशी एका पट्टीत बसते, आणि सातही मजले आपापल्या मापाने दिसतात. म्हणून इमारतीची छायाचित्रे घेणारे लोक तिच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतची जागा शोधतात. त्याहून वर जाण्याचा मोह बहुधा टाळलेला बरा. निम्म्याच्या वर गेले, की माथा तोंडासमोर येतो आणि पाया खाली निसटतो; छपराच्याही वर गेले, की सात मजल्यांचा तो उत्तुंग दरवाजा एका चपट्या पेटीसारखा दिसू लागतो. जी वास्तू आपल्या उंचीने बोलते, तिच्याकडे तिच्याहून उंच जागेवरून पाहणे म्हणजे तिचे तोंड बंद करण्यासारखेच आहे.

ही विद्या इंदूरला नवी नाही. भारतातील आरंभीच्या थोर छायाचित्रकारांपैकी लाला दीनदयाळ यांनी कॅमेरा प्रथम हाती धरला तो याच शहरात. १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे जन्मलेल्या दीनदयाळांचे शिक्षण रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले, आणि १८६६ च्या सुमारास ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या कामावर रुजू झाले. छायाचित्रण त्यांनी १८७४ च्या आसपास, तिशीत आल्यावर, हौस म्हणून सुरू केले. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. मध्य भारतातील ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डेली आणि नंतर सर लेपेल ग्रिफिन यांचाही त्यांना आश्रय लाभला. ग्रिफिन यांच्याबरोबर १८८२ साली त्यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला, आणि १८८६ साली मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रिफिन यांचा ग्रंथ दीनदयाळांच्या छायाचित्रांसह प्रकाशित झाला. पुढे सरकारी नोकरी सोडून ते हैदराबादेस सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. ‘राजा’ हा किताब त्यांना तेथे मिळाला. १९०५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे राहिलेल्या काचपट्ट्यांपैकी दोन हजार आठशेहून अधिक पट्ट्या दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत.

दीनदयाळ आधी नकाशे काढणारे होते आणि मग छायाचित्रकार झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नकाशे काढणाऱ्याला इमारत तीन अंगांनी दिसते. समोरून तिची उंची, वरून तिचा आराखडा आणि मधून कापली तर आतील मांडणी. केवळ समोरून काढलेल्या चित्राने त्याचे समाधान होत नाही. ग्वाल्हेर, दतिया, ओरछा येथील वाडे आणि किल्ले टिपताना कॅमेरा कोठे ठेवावयाचा, हा प्रश्न अशा माणसापुढे निराळ्या रूपाने उभा राहत असला पाहिजे. शिवाय त्या काळच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यांत एक सोय असे, जी पुढे छोट्या कॅमेऱ्यांत नाहीशी झाली. भिंग बसविलेली पुढची पाटी वर सरकविता येई. कॅमेरा ओळंब्यात ठेवावयाचा आणि फक्त भिंग वर न्यावयाचे, म्हणजे रस्ता चित्रातून खाली सरकतो आणि माथा आत येतो, रेषा मात्र सरळच राहतात. आजही वास्तूंची छायाचित्रे घेणारे व्यावसायिक याच तत्त्वावर चालणारी महागडी भिंगे वापरतात. मोबाइल फोनमध्ये तिरक्या रेषा मागाहून सरळ करण्याची जी युक्ती असते, ती वेगळी. तेथे चित्र ताणले जाते, कडेचा भाग कापला जातो, आणि प्रमाणाची खात्री उरत नाही.

तेव्हाच्या काचपट्ट्यांना प्रकाश फार वेळ द्यावा लागे. १८३८ साली पॅरिसमधील एका रस्त्याचे दागेर याने उंच खिडकीतून घेतलेले चित्र प्रसिद्ध आहे. रस्ता वाहता होता, पण चालणारी माणसे आणि गाड्या त्यात उमटल्याच नाहीत. जोड्यांना पॉलिश करून घेण्यासाठी एके जागी थांबलेला एक इसम तेवढा उमटला. जुन्या चित्रांतील चौक निर्मनुष्य दिसतात ते बहुधा याचमुळे. जुन्या काळी गर्दीच नव्हती, असा निष्कर्ष त्यावरून कोणी काढू नये.

उंच जागा मिळत नसेल तर ती निर्माण करावी, हा विचारही जुनाच आहे. पॅरिसच्या नादार या छायाचित्रकाराने १८५८ साली बलूनमधून छायाचित्र घेतले, आणि दहा वर्षांनी, १८६८ मध्ये, त्या शहराची सुप्रसिद्ध विजयकमान आकाशातून टिपली. त्या चित्रात कमानीचा डौल फारसा दिसत नाही. परंतु तिच्याभोवती ताऱ्याच्या किरणांसारखे फुटलेले रस्ते दिसतात, जे जमिनीवरच्या माणसाला कधीच एका दृष्टीत दिसत नाहीत. नादारच्या पहिल्या बलूनछायाचित्राच्याच वर्षी, १८५८ मध्ये, जर्मनीतील वेट्झलर येथे आल्ब्रेख्त मायडेनबाउअर नावाचा एक तरुण वास्तुविशारद कॅथीड्रलची मापे घेण्यासाठी वर चढला होता. तेथून तो पडता पडता वाचला. त्या प्रसंगानंतर त्याच्या मनात आले की, इमारतीवर चढून फूटपट्टी लावण्याऐवजी निरनिराळ्या जागांवरून तिची छायाचित्रे घेऊन त्यांवरूनच मापे काढता येणार नाहीत काय? त्यातून छायाचित्रावरून मोजणी करण्याचे शास्त्र वाढले, आणि १८८५ साली बर्लिनमध्ये या कामासाठी सरकारी संस्था निघाली. तत्त्व सोपे आहे. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित निराळ्या जागांवरून पाहतात म्हणून तिची खोली कळते. तसेच दोन ठरावीक जागांवरून घेतलेल्या चित्रांतील एकाच बिंदूचा फरक मोजला, की तो बिंदू किती दूर आणि किती उंच हे गणिताने काढता येते. आज संगणक शेकडो चित्रे घेऊन हेच काम काही तासांत करतो.

एवढी मापे हवीत तरी कशाला, असे कोणी विचारील. इंदूरच्या राजवाड्यापुरते त्याचे उत्तर त्या वाड्याच्याच इतिहासात आहे. तो तीनदा जळाला. १८०१ साली शिंदे-होळकरांच्या वैरात सर्जेराव घाटग्यांच्या फौजेने इंदूर लुटले आणि राजवाड्याला आग लावली. तात्या जोगांच्या कारभारात तो पुन्हा उभा राहिला. १९०८ मध्ये त्याचा एक भाग पुन्हा जळाला. आणि १९८४ च्या दंगलीत दर्शनी दरवाज्यामागील महालाचा मोठा भाग आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. त्याचे पुनर्बांधकाम हाती घेतले जाईपर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. लाकडी वास्तूचे मरण बहुधा असेच येते, एका रात्रीत.

आता असे पाहा. चौकात उभे राहून घेतलेल्या चित्रांत काय असते? तर दरवाजा. नेमका तो दरवाजा १९८४ च्या आगीतून वाचला. जे जळाले ते त्याच्या मागे होते, म्हणजे आतील चौक, भोवतालचे सोपे, दालनांच्या ओळी, छपरांचे उतार. हे सर्व रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला कधी दिसलेच नव्हते. मराठी वाडा हा मुळात आत वळलेला असतो. त्याचे वैभव चौकाकडे तोंड करून बसते आणि रस्त्याकडे पाठ फिरविते. अशा वाड्याची खरी मांडणी दिसते ती शेजारच्या उंच गच्चीवरून. म्हणून एखाद्या सराफाच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरून, लग्नाच्या निमित्ताने कोणी सहज घेतलेल्या आणि पाठीमागे वाड्याचे छप्पर आलेल्या फोटोची किंमत पुढे एखाद्या सुबक चित्रपत्रापेक्षा अधिक ठरू शकते.

पुण्याच्या शनिवारवाड्याचे उदाहरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. पेशव्यांचा तो सातमजली म्हणून वर्णिला जाणारा महाल १८२८ च्या आगीत नष्ट झाला. छायाचित्रणाचा शोध जगापुढे आला तो १८३९ साली. अवघ्या अकरा वर्षांचे अंतर! पुण्याला उंच जागेची वाण नव्हती. १८१७ साली ज्या पर्वतीवरून दुसऱ्या बाजीरावाने खडकीची लढाई पाहिली, ती टेकडी शहराला लागूनच होती. तेथून काचेच्या एका पट्टीवर वाड्याची छपरे उमटली असती, तर कारंज्यांच्या आणि जोत्यांच्या अवशेषांवरून महालाची कल्पना करीत बसण्याची पाळी इतिहासकारांवर आली नसती. इंदूरचे भाग्य असे की, त्याचा राजवाडा छायाचित्रणाच्या युगात दीड शतकाहून अधिक काळ उभा आहे. निमित्त उरले आहे ते कॅमेरा योग्य जागी नेण्याचे.

ही योग्य जागा म्हणजे कोणाचे तरी घर किंवा दुकान असते, हे मात्र विसरून चालत नाही. राजवाड्याभोवतीच्या बाजारपेठांतील गच्च्या या वाळवणाच्या, पाण्याच्या टाक्यांच्या आणि घरच्या बायामाणसांच्या वावरण्याच्या जागा आहेत. तेथे विचारून जावे, बरोबर एखादा जाणता माणूस असावा, आणि घेतलेल्या चित्राची एक प्रत घरमालकाला नेऊन द्यावी. पुढच्या खेपेला जिना आपोआप मोकळा होतो. जुन्या घरांच्या कठड्यांवर भार टाकू नये. तिपाई कठड्यापासून हातभर आत उभी करावी, आणि कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात अडकवावा, कारण खाली बाजार भरलेला असतो. तारांच्या जाळ्यांचा उपद्रव सर्वत्र आहे. दोन पावले डावी-उजवीकडे सरकल्याने त्या पुष्कळदा एखाद्या कोपऱ्याआड जातात.

वेळेची निवड इमारतीच्या तोंडावरून करावी. ज्या प्रहरी ऊन दर्शनी भागावर तिरपे पडते, त्या वेळी सज्जांच्या सावल्या लांबतात आणि लाकडी कोरीवकाम उठून दिसते. समोरून पडणाऱ्या उन्हात तेच काम सपाट होते. माध्यान्हीच्या उन्हात सज्जांखाली काळोख साचतो. ढगाळ दिवस हौशी माणसाला निराश करतो, परंतु नोंदीसाठी तोच उत्तम. सावल्या नसल्याने प्रत्येक खांब मोजता येतो. तिन्हीसांजेला आकाशात निळाई शिल्लक असताना आणि खाली दुकानांचे दिवे लागलेले असताना जे दहा-पंधरा मिनिटांचे मिश्र तेज असते, ते मात्र केवळ सौंदर्यासाठी टिपावे.

ड्रोनमुळे आता कोणाच्याही गच्चीची गरज उरली नाही, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे आणि तांबडे असे भाग पाडले आहेत. हिरव्या भागात साधारणपणे चारशे फुटांपर्यंत मोकळीक. विमानतळाच्या हद्दीपासून पाच ते आठ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र जमिनीपासूनच परवानगी लागते. आणि त्याहून आत बंदीसारखीच स्थिती. इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहराला पश्चिमेकडून अगदी लागून आहे. तेव्हा सरकारी नकाशा पाहिल्यावाचून आणि पोलिसांना विचारल्यावाचून राजवाड्यावर यंत्र उडविणे म्हणजे यंत्र आणि अब्रू दोन्ही गमावण्याची तयारी ठेवणे होय. शिवाय गजबजलेल्या बाजारावर पंख्याचे यंत्र फिरविण्यातील धोका नियमात नसता तरी धोकाच राहिला असता.

आणि गच्चीवरच्या कॅमेऱ्याला जे जमते ते उडत्या कॅमेऱ्याला सहजी जमत नाही. ते म्हणजे त्याच जागी पुन्हा येणे. एकाच ठिकाणाहून, एकाच भिंगाने, वर्षातून एकदा, शक्यतो एकाच महिन्यात घेतलेली चित्रे शेजारी शेजारी ठेवली, की कोणता खांब कलला, कोणत्या छपरावर गवत उगवले, कोणत्या सज्जाची तुळई वाकली, हे आपोआप बोलू लागते. जीर्णोद्धार करणाऱ्यांना अशा मालिकेचा जेवढा उपयोग होतो तेवढा एखाद्या पारितोषिकप्राप्त चित्राचाही होत नाही. प्रत्येक चित्रामागे तारीख, वेळ, घराचा मजला आणि भिंगाचे माप लिहून ठेवावे. मोबाइलमधील चित्राची तारीख प्रती काढताना हरवते, म्हणून वहीत निराळी नोंद करावी. तिपाईच्या तीन पायांच्या जागा गच्चीवर खडूने आखल्या तर पहिल्याच पावसात पुसतात. घरमालकाची हरकत नसेल तर तेथे तैलरंगाचे तीन ठिपके द्यावेत.